दशा नसलेला गळपट्टा

मफलर आपण गुंडाळतो, शाल पांघरतो, उपरणे घेतो, शेला खांद्यावर टाकतो आणि हार घालतो. मानेखांद्यांच्या वीतभर जागेसाठी मराठीने इतकी क्रियापदे राखून ठेवली आहेत आणि ती सहसा आपली जागा सोडत नाहीत. लिंगेही वाटून घेतलेली: तो मफलर, ती शाल, ते उपरणे. इंग्रजीतून आलेल्या ‘मफलर’ला पुल्लिंग का मिळाले असावे, तर रुमाल, शेला, पट्टा ही आधीची मंडळी पुल्लिंगी होती म्हणून. नवा पाहुणा ज्या पंगतीत बसतो, तिचेच लिंग घेतो असे दिसते.

हे सगळे आठवायला निमित्त झाले ते एडिंबरोला राहणाऱ्या भाचीचे. या डिसेंबरात तिने स्वतः विणलेली एक वस्तू मला पाठवली. राखाडी लोकर, दोन सुलट दोन उलट अशी वीण, रुंदी चांगली वीतभर. पण मफलरची दोन टोके असतात, तशी याला नाहीत. ती एकमेकांना शिवून टाकलेली. म्हणजे एक मोठे विणलेले कडे. डोक्यावरून गळ्यात घ्यायचे, एक पीळ द्यायचा आणि पुन्हा डोक्यावरून घ्यायचे. तिकडे सध्या लहानथोर सगळे हेच घालतात म्हणे. फोनवर तिने दोन प्रश्न एका दमात विचारले: “मामा, तू घालशील ना? आणि याला मराठीत काय म्हणशील?” पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात दडलेले असावे असे मला तेव्हाच वाटले, म्हणून आधी दुसऱ्याच्या मागे लागलो.

‘मफलर’पासून सुरुवात करू. याचे मूळ गळ्यात नाही, हातात आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘मुफुला’ म्हणजे जाड हातमोजा. फ्रेंचमध्ये तो ‘मूफ्ल’ झाला. बोटे वेगळी नसलेल्या हातमोज्याला फ्रेंच लोक आजही मूफ्लच म्हणतात. हात गुंडाळणारी वस्तू म्हणून ‘मफल’ हे इंग्रजी क्रियापद ‘गुंडाळून झाकणे’ या अर्थाने रूढ झाले असावे, आणि झाकते ते मफलर. पण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात मफलर झाकत होता तो आधी चेहरा. बाहेर पडताना नाकातोंडावरून हनुवटीपर्यंत बायका जे वस्त्र बांधत ते मफलर. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉलस्टाफ बाईच्या वेषात निसटू पाहतो, तेव्हा त्याच्या मफलरखालून दाढी दिसते ती यामुळेच. मफलर गळ्यापुरता असता तर दाढी लपवण्याचा प्रश्नच आला नसता. चेहऱ्यावरून तो गळ्यावर उतरला, आणि ‘मफल’ धातूने तोंडावरून आवाजाकडे झेप घेतली. झाकलेला आवाज तो मफल्ड. म्हणून अमेरिकेत मोटारीचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या डब्याला मफलर म्हणतात. आपण त्याच डब्याला सायलेन्सर म्हणतो, आणि मफलर गळ्यासाठी राखून ठेवतो.

‘स्कार्फ’ची कथा याहून गोड आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशर्प’ म्हणजे यात्रेकरूने गळ्यात अडकवलेली पिशवी. ती मुळात लव्हाळ्याची विणलेली असावी आणि शब्दाच्या पोटात ‘स्किर्पुस’, म्हणजे लव्हाळे, हा लॅटिन शब्द असावा, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. पिशवी गेली, तिचा खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा उरला, आणि तोच पुढे वस्त्र झाला. पंढरीच्या वाटेवर खांद्याला पडशी लावून चालणारा वारकरी डोळ्यांपुढे आणला, तर फ्रेंच यात्रेकरूचा एशर्प समजायला कोश उघडावा लागत नाही. वस्तू जाते आणि तिला धरून ठेवणारी दोरी नाव घेऊन पुढे निघते, हे भाषेत फार वेळा घडते.

आता पुण्याकडे वळू. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली धूर आणि ऊन टाळण्यासाठी डोळे तेवढे उघडे ठेवून डोक्यापासून हनुवटीपर्यंत सुती कापड बांधतात, त्याला पुण्यात स्कार्फ म्हणतात. म्हणजे सोळाव्या शतकातले इंग्रज ज्याला मफलर म्हणत, त्याला आपण स्कार्फ म्हणतो. आणि आजचे इंग्रज ज्याला सहसा स्कार्फ म्हणतात, त्या गळ्यातल्या लोकरी पट्टीला आपण मफलर म्हणतो. दोन शब्दांनी समुद्र ओलांडताना जागांची अशी अदलाबदल केलेली पाहून मला फार आनंद झाला. दोन्ही बाजू आपापल्या घरी अगदी बरोबर आहेत.

गळ्याचे आपले जुने शब्दही पाहू. ‘गळपट्टा’ हा सरळ जोडशब्द: गळा आणि पट्टा. ‘पट्ट’ हे संस्कृत घराणे मोठे. त्यात रेशमी वस्त्र येते, लांब चिरफळी येते, सिंहासनाचा पट्टाभिषेक येतो. दुपट्टा म्हणजे दोन पट्टांचे वस्त्र असावे. हिंदी-उर्दूत गळपट्ट्याला ‘गुलूबंद’ म्हणतात. ‘गुलू’ म्हणजे फारसी गळा, ‘बंद’ म्हणजे बांधणारा. त्यातही फारसी गुलू, संस्कृत गल आणि लॅटिन ‘गुला’ ही भावंडे असावीत असे दिसते. ‘बंद’ही आपल्या ‘बंध’चा सख्खा. म्हणजे गुलूबंद हा परका शब्द वाटला, तरी त्याचे ‘गलबंध’ असे भाषांतर केले तर जवळजवळ काहीच बदलावे लागत नाही.

उपरण्यात ‘उपरि’ उघड दिसते. शेल्याचे कोडे अवघड आहे. संस्कृत ‘चेल’ म्हणजे वस्त्र. तमिळमध्ये साडीला ‘सेलै’ म्हणतात, तेलुगूत ‘सेल्ला’ आहे. शेला या दक्षिणी शेजाऱ्यांकडून आपल्याकडे आला असावा की दोघांनी एकाच घरातून तो घेतला असावा, यावर वाचकांनीही विचार करून पाहावा. ‘पांघरूण’ मात्र निःशंक आहे. संस्कृत ‘प्रावरण’, त्याचे प्राकृत ‘पंगुरण’, आणि मराठीत पांघरूण. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या वाकड्या वाटेसाठी वेगळे सूत्र लिहिले आहे. शाल फारसी, आणि ‘पश्मिना’तला ‘पश्म’ म्हणजे लोकर, हेही फारसीच. काश्मिरी शाली जोडीने विकल्या जात, म्हणून मराठीत ‘शालजोडी’ रुळली. मानाची शालजोडी पेशवाईत वस्त्रांच्या आहेरात होती, आणि सन्मान म्हटला की शाल-श्रीफळ आजही हवेच.

पुसण्याच्या वस्त्रांकडे येताना मी नेहमी थबकतो. ‘रुमाल’ म्हणजे ‘रू’, चेहरा, आणि ‘माल’, पुसणारा. आसामचा ‘गामोसा’ आणि बंगालचा ‘गामछा’ यांत ‘गा’ म्हणजे अंग, पुढचा भाग पुसण्याचा. हिंदीत ‘अंगोछा’, मराठीत ‘अंगपुसणे’. इराणपासून ब्रह्मपुत्रेपर्यंत पाच भाषांनी एकच साचा वापरला: आधी शरीराचा भाग, मग पुसण्याची क्रिया. पुढे त्या रुमालाने केवढी मजल मारली! मराठीत तो डोक्याला बांधला गेला, आणि पेशवे दफ्तरात कागदांची बासने त्यात गुंडाळली गेली, म्हणून दफ्तरातले गठ्ठे आजही ‘रुमाल’ म्हणूनच ओळखले जातात. चेहरा पुसणारे कापड इतिहासाचे पांघरूण झाले. निवडणुका जवळ आल्या की गळ्यात पक्षाचे उपरणे किंवा गमछा घालून प्रवेश होतो. तिथे पुसणेही नाही आणि ऊबही नाही, केवळ ओळख आहे.

हे सारे विणलेले कापड, पण भाचीने विणले तशा अर्थाने नव्हे. मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद मागावर कापड विणण्यालाही चालते आणि दोन सुयांवर मफलर विणण्यालाही. त्याचे कूळ संस्कृत ‘वे’ धातूकडे जाते. या धातूने एक नितांत सुंदर शब्द दिला: ‘ओतप्रोत’. ओत म्हणजे उभे विणलेले, प्रोत म्हणजे आडवे गुंफलेले. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सर्व कशात ओत आणि प्रोत आहे, तेव्हा ती विश्वाचा ताणाबाणा विचारते आहे. आज मराठीत ‘प्रेमाने ओतप्रोत’ म्हणताना आपल्या मनात ‘ओतणे’ असते, काठोकाठ भरलेले भांडे असते. माग गेला आणि तांब्या आला. चूक म्हणावी, तर इतकी सुरेख की ती दुरुस्त करावीशी वाटत नाही.

मात्र सुयांवर विणलेले वस्त्र ओतप्रोत नसते. त्यात ताणाही नाही, बाणाही नाही; एकच धागा स्वतःच्याच फाशातून फास काढत पुढे जातो. म्हणूनच ते ताणते आणि पुन्हा आपल्या जागी येते. फाशाफाशांत आणि लोकरीच्या कुरळ्या तंतूंत अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, ऊब येते ती त्यामुळे. इंग्रजीतील ‘निट’ हा ‘नॉट’चा, म्हणजे गाठीचा भाऊ आहे. आपल्याकडे गाठ ‘ग्रंथि’पासून आली, आणि त्याच घरातून ‘ग्रंथ’ही. गाठी मारणारी आणि पोथी बांधणारी माणसे एका क्रियापदाच्या छपराखाली राहत होती.

आपल्या मुलखाची जुनी लोकर म्हणजे धनगरांची घोंगडी, ती मागावरची. सुयांवरचे विणकाम युरोपीय लोकांबरोबर आले असावे, आणि आपल्या कपड्यांची नावेही त्याची साक्ष देतात. इंग्लिश खाडीत जर्सी आणि गर्न्सी ही दोन शेजारची बेटे आहेत. दोन्ही विणलेल्या लोकरी कपड्यांसाठी प्रसिद्ध होती. जर्सी आपल्या खेळाडूंच्या अंगावर आली, शिवाय गोठ्यातल्या गाईलाही तिने नाव दिले. गर्न्सी फ्रॉकचा मात्र आपण ‘गंजीफ्रॉक’ करून टाकला असे दिसते. तो सुती झाला, बिनबाह्यांचा झाला, आणि आपण परदेशी बेटाचे नाव अंगात घालतो हे कुणाच्या लक्षातही उरले नाही. कार्डिगन, रॅगलन बाही आणि कान झाकणारी बालाक्लावा टोपी ही तीन नावे क्रिमियाच्या युद्धातून आली: पहिली दोन सेनानींची, तिसरे 1854 साली जिथे लढाई झाली त्या बंदराचे. बालाक्लावाची आपण माकडटोपी केली, आणि रणांगण पुसले गेले.

लोकरीच्या नावातही एक कोडे आहे, आणि मला ते साऱ्यांत आवडते. संस्कृतात लोकरीला ‘ऊर्णा’. कोळी हा ऊर्णनाभ, नाभीतून लोकर काढणारा. ऋग्वेदात गांधारच्या लोकरदार मेंढीची उपमा आहे. इंग्रजी ‘वूल’ आणि लॅटिन ‘लाना’ ही ऊर्णेचीच दूरची भावंडे. हिंदीत ऊर्णेचे ‘ऊन’ झाले. मराठीतही ते तसेच व्हायला हवे होते. पण मराठीत ‘ऊन’ ही जागा आधीच भरलेली होती: ‘उष्ण’चे प्राकृत ‘उण्ह’, आणि त्याचे आपले ऊन. अंगणात पडते ते ऊन आणि ताटात वाढतात तो ऊन ऊन भात. एका घरात एकाच नावाची दोन माणसे नांदली तर हाक मारताना घोटाळा होतो, तसे झाले असावे. मराठीने ऊन सूर्याला दिले आणि मेंढीला ‘लोकर’ दिली, ज्यात ‘लोम’ दडलेला दिसतो. अंगावरची ‘लव’ही त्याच लोमाची. हिंदी भाषक दुकानदार ‘ऊन’ म्हणतो तेव्हा मराठी कानाला तो ऊब विकतोय असे ऐकू येते, आणि तसे पाहिले तर तो तेच विकत असतो.

ऊबही पाहू. तिच्यामागे ‘ऊष्मन्’ असावा. तिला फारसी ‘दार’ हा प्रत्यय जोडून ‘उबदार’ केला, म्हणजे संस्कृत देहाला फारसी शेपटी. ‘गरम’ फारसीतून आला, ‘घाम’ संस्कृत ‘घर्म’पासून प्राकृताच्या वाटेने उतरला, पण गरम आणि घर्म हे एकाच आजोबांचे नातू, आणि ग्रीक ‘थर्मोस’ तिसरा. एक नातू इराण फिरून आला, दुसरा घरीच राहिला, आणि दोघे एकत्र आले ते गरम कपड्यात घाम फुटला तेव्हा! ‘स्वेटर’ची गंमत तर याहून जवळची. इंग्रजी ‘स्वेट’, म्हणजे घाम, आणि आपला ‘स्वेद’ हे मूळचे एकच. खेळाडूंना घाम आणवण्यासाठी घालायचा तो स्वेटर. त्याला ‘स्वेदक’ म्हटले असते, तरी पाणिनीला नवल वाटले नसते.

आता त्या राखाडी कड्याकडे परत येतो. तिकडे त्याला कुणी ‘काउल’ म्हणतात, कुणी ‘स्नूड’. काउलमागे लॅटिन ‘कुकुल्लुस’ म्हणजे साधूंच्या झग्याची टोपी. स्नूड हा जुना इंग्रजी शब्द. स्कॉटलंडात अविवाहित मुली केसांना जी फीत बांधत तिला स्नूड म्हणत. पुढे केस सांभाळणारी जाळी, आणि आता गळ्यातले कडे. फुटबॉलपटू तो घालू लागले, तेव्हा गळ्याला धोका आहे म्हणून खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने 2011 साली मैदानावर त्यावर बंदी घातली. यात्रेकरूची झोळी गळ्यातली चिंधी झाली, मुलींची फीत फुटबॉलपटूच्या मानेत आली: शब्दांना स्थिर बसवत नाही हेच खरे.

पण मराठीत याला नाव द्यायचे तर एक अडचण येते. आपल्या सगळ्या वस्त्रांची ओळख त्यांच्या टोकांनी होते. साडीला पदर, धोतराला सोगा, पागोट्याला शेमला, उपरण्याला दशा. आपल्या वाक्प्रचारांचे किती ओझे एकट्या पदरावर आहे! पदराला गाठ मारतो, पदरमोड करतो, काही पदरात पडते, पोर पदराखाली घेतो, देवापुढे पदर पसरतो. टोक नसते तर मराठीला हे काहीच म्हणता आले नसते. दशांचे तर काय सांगावे. संस्कृतात ‘दशा’ म्हणजे वस्त्राची सुटी सुते, दिव्याची वात, आणि माणसाची अवस्थाही. कोशात हे अर्थ शेजारी बसतात. आयुष्याचा एकेक टप्पा म्हणजे वस्त्राच्या काठी लोंबणारे एकेक सूत, असे कुणा पूर्वजाने पाहिले असावे काय? ‘काय ही दशा’ म्हणताना आपण विरलेल्या काठाकडेच बोट दाखवत असू. शुद्ध बीजेच्या कोवळ्या चंद्राला आपल्या वस्त्रातली एक दशी काढून वाहण्याची आणि नवे वस्त्र मागण्याची रीत आपल्या घरात होती. गच्चीवर आजी आपल्या लुगड्याच्या काठाची दशी चिमटीत धरून ओढायची, ती तुटताना होणारा बारीकसा ‘टच’ आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हणजे या स्नूडला पदर नाही, शेमला नाही, आणि चंद्राला वाहायला दशीही नाही. मफलर म्हणावे तर तो गुंडाळायचा असतो, आणि हा डोक्यावरून हारासारखा घालायचा. शाल नव्हे, उपरणे नव्हे. मग जुना ‘गळपट्टा’च पुढे येतो. पट्टा मानेभोवती बसतो, मागे-पुढे टोक सोडत नाही. जुने नाव इतकी वर्षे जणू याच वस्तूसाठी बाजूला ठेवले होते.

तो घालून आरशासमोर उभा राहिलो, एक पीळ दिला आणि पुन्हा डोक्यावरून घेतला. गळ्याभोवती लोकरीचे दोन थर आले. तेव्हा लक्षात आले की ‘पदर’चा अर्थ मी आतापर्यंत अर्धाच धरला होता. मराठीत पदर म्हणजे टोक, तसाच थरही. पोळीला पदर सुटतात, हार दुपदरी असतो, गोफ तिपदरी, वाक्याला अर्थाचे पदर असतात. शेजारच्या कन्नडमध्येही ‘पदर’ म्हणजे थर. टोकाचा पदर या गळपट्ट्याने गमावला, आणि थराचा पदर दुप्पट करून परत दिला. भाषेने आधीच सोय करून ठेवली होती.

आतल्या बाजूने शिवणीवर हात फिरवला, तर एक बारीक टोक बोटाला लागले. विणकामाचा धागा जिथे संपला, तिथले ते टोक भाचीने सुईने आत दडवले होते. या सबंध वस्त्राची ती एकुलती एक दशी. ती मी चंद्राला वाहणार नाही. ती धरून ठेवते म्हणून बाकीचे उभे आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टेकडीवर जाताना कान आणि गळा उबेत राहायला एवढे पुरे आहे. म्हणून तिला कळवले: घालतो आहे, रोज पहाटे. आणि नाव हवे असेल, तर याला दुपदरी गळपट्टा म्हण.